निवडून आलेला डॉक्टर आणि बराकीतली फौज: व्हेनेझुएला, १८३४–३६

प्रश्न थोडक्यात असा आहे: स्पेनच्या ताब्यातून सुटलेल्या दक्षिण अमेरिकी देशांत राष्ट्राध्यक्षपदाच्या ज्या पहिल्यावहिल्या निवडणुका झाल्या, त्या खऱ्या होत्या की सेनापतींनी आधीच ठरवलेल्या गोष्टीवर मारलेला शिक्का? उदाहरण व्हेनेझुएलाचं दिलं आहे. १८३५ मध्ये तिथे एक डॉक्टर राष्ट्राध्यक्ष झाला आणि पाच महिन्यांत सैनिकांनी त्याला जहाजावर चढवून देशाबाहेर काढलं. मग त्या निवडणुकीला अर्थ काय उरला?

लॅटिन अमेरिकेचा इतिहास शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. हा प्रश्न वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारतंच, आणि विचारणाऱ्याच्या मनात बहुधा उत्तर आधीच तयार असतं: "सगळं नाटक होतं." मला ते मान्य नाही. ही निवडणूक खरी होती. मावळत्या राष्ट्राध्यक्षाच्या मनातला उमेदवार तिच्यात हरला, आणि शिक्क्यापुरत्या निवडणुकीत असं होत नाही. कमी पडलं ते वेगळंच. निकाल लागल्यावर त्याच्या पाठीशी जे बळ उभं राहायला हवं, ते त्या देशात राज्यघटनेचं नव्हतं, एका माणसाचं होतं. त्या माणसाने १८३५ मध्ये निकालाची बाजू घेतली म्हणून निकाल टिकला. हे नीट समजायचं तर घटनाक्रम सावकाश बघावा लागतो.

स्पेनविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धाचे नेते सिमोन बोलिवार यांनी उभं केलेलं ग्रान कोलंबिया हे मोठं राष्ट्र १८३० च्या सुमारास फुटलं. व्हेनेझुएला त्यातून बाहेर पडला तो होसे अंतोनियो पाएस यांच्या नेतृत्वाखाली. पाएस हे यानोस नावाच्या गवताळ मैदानांतले, गुरंढोरं आणि घोड्यांत वाढलेले, शाळेचं शिक्षण जवळजवळ नसलेले. पण भालाईत घोडेस्वारांचा असा सेनापती स्वातंत्र्ययुद्धात दुसरा झाला नाही. २४ जून १८२१ च्या काराबोबोच्या लढाईत त्यांच्या घोडदळाने जे केलं, त्यामुळे सामान्य माणसाच्या डोळ्यांत ते स्वातंत्र्याचं मूर्तिमंत रूप झाले होते. १८३० मध्ये वालेन्सिया शहरात घटनासभा भरली, राज्यघटना तयार झाली, आणि १८३१ मध्ये पाएस त्या घटनेनुसार पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. मुदत चार वर्षांची. लगेच दुसऱ्यांदा उभं राहायला बंदी.

ही शेवटची अट वाचताना अनेकजण पुढे सरकतात. मी तिथे थांबायला सांगतो. देशातला सगळ्यात ताकदवान माणूस सत्तेवर असताना ती घटनेत होती, आणि पुढे चार वर्षांनी त्या माणसाने ती पाळली.

आता मतदान कुणी केलं ते पाहू. आपल्याकडे राष्ट्रपती अप्रत्यक्ष पद्धतीने निवडले जातात, त्यामुळे मराठी वाचकाला ही रचना परकी वाटू नये. पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीनुसार पडलेल्या वस्तीत, मताधिकार असलेले लोक जमून निर्वाचक निवडायचे. ते निर्वाचक पुढे प्रांताच्या ठिकाणी भरून राष्ट्राध्यक्षपदासाठी मत द्यायचे. त्यांची मतं राजधानी काराकासला संसदेकडे जायची. एखाद्याला दोनतृतीयांश मतं मिळाली तर तो निवडून आला. नाही मिळाली तर सगळ्यात जास्त मतं पडलेल्या तिघांतून संसद एकाची निवड करायची.

मताधिकार कुणाला? पुरुष असायला हवा, आणि वर्षाला ५० पेसो उत्पन्न देणारी स्थावर मिळकत तरी हवी, किंवा १०० पेसो मिळवून देणारा धंदा वा कसब, किंवा १५० पेसोंचा वार्षिक पगार. धंदा करणारा दुसऱ्याच्या घरी नोकर असता कामा नये. लिहिता-वाचता येण्याची अट घटनेत घातली होती, पण ती पुढे कायद्याने ठरेल त्या वेळेपासून लागू होणार होती, कारण ती तेव्हाच लावली असती तर मतदार उरलेच नसते. निर्वाचक व्हायचं तर मिळकतीची पायरी आणखी वर. गुलाम अर्थातच या हिशेबात कुठेच नव्हते. व्हेनेझुएलात गुलामगिरी सरसकट रद्द झाली ती १८५४ मध्ये. स्त्रिया नव्हत्या. शेतावर राबणारी, मालकाच्या दुकानातून उधारीवर जगणारी बहुसंख्य माणसं नव्हती.

म्हणजे ही लोकशाही अगदी अरुंद होती. ते लपवण्यात अर्थ नाही. पण अरुंद असणं आणि खोटं असणं या दोन गोष्टी निराळ्या आहेत. ज्या थोड्या लोकांना मत होतं त्यांच्यात १८३४ मध्ये खरीखुरी चुरस झाली. काराकासमधल्या वर्तमानपत्रांतून उमेदवारांची उणीदुणी निघाली. उमेदवारही एका साच्याचे नव्हते. जनरल कार्लोस सुब्लेत हे पाएस यांच्या विश्वासातले: लष्करी माणूस, पण शांत, कारभाराची जाण असलेले. पाएस यांचा कल त्यांच्याकडे होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. जनरल सांतियागो मारिन्यो हे पूर्वेकडच्या प्रांतांचे मोठे नाव. १८१३ मध्येच त्यांनी पूर्व भाग स्पेनकडून सोडवला होता, आणि आपला मान पाएस यांच्यापेक्षा तसूभरही कमी नाही अशी त्यांची ठाम समजूत होती. शिवाय दिएगो बाउतिस्ता उर्बानेहा आणि जनरल बार्तोलोमे सालोम यांचीही नावं पुढे आली होती.

आणि डॉक्टर होसे मारिया वार्गास.

वार्गास १७८६ चे, ला ग्वायरा बंदरातले. काराकासच्या विद्यापीठात वैद्यक शिकले. १८१२ च्या प्रचंड भूकंपात त्यांनी ला ग्वायरामधल्या जखमींवर उपचार केले. स्वातंत्र्याच्या बाजूचे म्हणून स्पॅनिश अधिकाऱ्यांनी त्यांना तुरुंगातही टाकलं. सुटल्यावर ते एडिनबराला गेले. शस्त्रक्रिया, शरीररचना, रसायन, वनस्पतिशास्त्र हे सगळं तिथे पक्कं केलं. मग काही वर्षं प्वेर्तो रिको बेटावर वैद्यकी केली. १८२५ मध्ये काराकासला परतले ते पुरतं काम घेऊन: शरीररचना प्रत्यक्ष शवविच्छेदनाने शिकवायला सुरुवात केली, डॉक्टरांची संस्था उभी केली. विद्यापीठाच्या जुन्या नियमांनुसार वैद्याला रेक्टर, म्हणजे विद्यापीठाचा प्रमुख, होता येत नसे. १८२७ मध्ये बोलिवार यांनी ती बंदी काढली आणि वार्गास रेक्टर झाले. बोलिवार यांच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांतही त्यांचं नाव होतं. १८३० च्या घटनासभेत ते सदस्य होते. थोडक्यात, ज्यांना मत होतं त्या व्यापारी, वकील, बागाईतदार, प्राध्यापक मंडळींना हवा तसा माणूस: शिकलेला, हाताचा स्वच्छ, कुणाच्याही टोळीत नसलेला, आणि कमरेला तलवार नसलेला.

हे शेवटचं कारण सगळ्यात मोठं होतं. दहा वर्षांहून जास्त चाललेल्या युद्धानंतर शहरांतल्या लोकांना आता सेनापती नको होता. देश सोडवल्याचं मोल म्हणून तो कायमचा लष्कराच्या हवाली करायचा का, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. वार्गास यांच्यामागे मतं गोळा झाली ती या भावनेने.

वार्गास यांना स्वतःला मात्र हे पद नको होतं. मतदानाच्या आधीच त्यांनी आपल्याला मत देऊ नका असं जाहीर केलं. निवड झाल्यावरही त्यांनी ती नाकारण्याचा प्रयत्न केला. त्यांचा मुद्दा फार स्वच्छ होता. या देशात अजून राज्यकर्त्याला जे नैतिक वजन लागतं ते युद्धातल्या पराक्रमातून आणि तिथे जुळलेल्या नात्यांतून येतं, आणि माझ्याकडे ते नाही. अनेक चरित्रकार याला विनय म्हणतात. मला तो विनय वाटत नाही. रोग्याला तपासून रोगाचं नाव सांगावं तसं त्यांनी आपल्या देशाच्या दुखण्याचं निदान केलं होतं, आणि ते पाच महिन्यांत खरं ठरलं.

निर्वाचकांच्या मतांत वार्गास सगळ्यांच्या पुढे होते, पण दोनतृतीयांशाचा आकडा त्यांना गाठता आला नाही. निर्णय संसदेकडे गेला. पाएस यांची मुदत २० जानेवारी १८३५ ला संपत होती. वारस ठरलेला नव्हता. अशा वेळी खुर्चीत बसून राहायला जगातला कुठलाही सत्ताधीश कारण शोधतो: गोंधळ नको, पोकळी नको, निकाल लागेपर्यंत तरी मीच बघतो. पाएस यांनी त्याच दिवशी कारभार उपराष्ट्राध्यक्ष आंद्रेस नार्वार्ते यांच्याकडे दिला. ६ फेब्रुवारीला संसदेने वार्गास यांना निवडलं. ९ फेब्रुवारीला त्यांनी शपथ घेतली. बंदुकीची एकही गोळी न उडता, सेनापतीकडून त्याच्या मर्जीत नसलेल्या डॉक्टरकडे सत्ता गेली. ज्या काळात शेजारच्या देशांत राष्ट्राध्यक्ष बहुधा लढाईच्या निकालाने बदलत होते, त्या काळात हे घडलं. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची तारीख बंडाची ८ जुलै नाही, २० जानेवारी आहे. पुस्तकांत तिला जेमतेम एक ओळ मिळते.

मग बिनसलं कुठे?

ज्यांनी देश स्वतंत्र केला त्या लष्करी अधिकाऱ्यांच्या मनात १८३० पासून सल होता. नव्या घटनेने त्यांचा फ्युएरो काढून घेतला होता. फ्युएरो म्हणजे लष्करी माणसाचा खटला फक्त लष्करी न्यायालयातच चालण्याचा विशेष हक्क. फौज लहान केली गेली. पेन्शन आणि पगार रेंगाळले. १८३४ मध्ये धर्मस्वातंत्र्य मान्य करणारा कायदा झाला, त्याने कर्मठ कॅथलिक दुखावले. त्याच वर्षी १० एप्रिलच्या कायद्याने व्याजाच्या दरावरची मर्यादा उठवली. सावकार आणि व्यापारी खूश झाले, कर्जबाजारी जमीनदारांच्या गळ्याला फास लागला. बोलिवार यांच्या जवळची माणसं, जसे त्यांचे जुने सहायक दिएगो इबार्रा किंवा भाचजावई पेद्रो ब्रिसेन्यो मेंदेस, नव्या राज्यात अडगळीत पडली होती. मारिन्यो निवडणुकीत हरले होते. या सगळ्यांना एकत्र बांधणारी गोष्ट एकच: आम्ही रक्त सांडत होतो तेव्हा हा डॉक्टर स्पेनच्याच ताब्यातल्या प्वेर्तो रिकोत नाड्या तपासत होता, आणि आज हा आमच्यावर राज्य करतो.

ही तक्रार निव्वळ स्वार्थाची म्हणून उडवून लावू नये. १८२५ पर्यंत कित्येक वर्षं वार्गास देशात नव्हते हे खरं आहे. वीस-पंचवीस वर्षं घोड्यावर काढलेल्या माणसाला, ज्याचं घर लुटलं गेलं, ज्याची भावंडं मेली, त्याला शांततेच्या राज्यात काय स्थान, याचं धड उत्तर नव्या प्रजासत्ताकाकडे नव्हतं. पण त्या तक्रारीवर त्यांनी जो उपाय काढला त्याचं समर्थन होऊ शकत नाही. त्यांच्या मागण्या वाचल्या तरी कळतं: लष्कराचे विशेष हक्क परत, कॅथलिक धर्म राज्याचा धर्म, संघराज्याची रचना, फुटलेलं ग्रान कोलंबिया पुन्हा जोडणं, आणि सरकारी पदं स्वातंत्र्यवीरांच्या हाती. यातली प्रत्येक गोष्ट पुढच्या निवडणुकीत मांडता आली असती. शेवटची मागणी मात्र निवडणुकीची गरजच संपवणारी होती.

वार्गास यांनी कारभार हाती घेतल्यावर संसदेशीही त्यांचं जमलं नाही. एप्रिलमध्ये, एका कराच्या प्रश्नावर मतभेद झाल्यावर, त्यांनी राजीनामा दिला. संसदेने तो स्वीकारला नाही. म्हणजे ज्याला जायचं होतं त्याला जाऊ दिलं नाही, आणि मग जुलैत त्याला हाकललं गेलं.

७ आणि ८ जुलैच्या मधल्या रात्री काराकासमधल्या आन्सोआतेगी बटालियनने बंड केलं. राजधानीतली फौज बंडखोरांच्या हातात गेली की सरकारकडे काय उरतं? कागद, शिक्के आणि नोकरवर्ग. वार्गास यांना त्यांच्या घरातच पहाऱ्यात ठेवलं. पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्यांत हुलियान कास्त्रो नावाचा एक तरुण होता. त्याचं नाव लक्षात ठेवा. बंडाचा चेहरा होता पेद्रो कारुहो. या माणसाने १८२८ मध्ये बोगोतात खुद्द बोलिवार यांच्यावर झालेल्या प्राणघातक हल्ल्यात भाग घेतला होता. आता तो बोलिवार यांच्या जुन्या साथीदारांच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. बंडाला विचारांची एकवाक्यता किती होती हे यावरून कळावं.

कारुहो वार्गास यांच्याकडे राजीनामा मागायला गेला. त्या भेटीतले दोघांचे उद्गार व्हेनेझुएलात आजही शाळकरी मुलांना माहीत असतात. कारुहो म्हणाला, "डॉक्टर, जग शूरांचं आहे." वार्गास म्हणाले, "नाही. जग न्यायी माणसाचं आहे." पुढे त्यांनी असंही सुनावलं की, सद्सद्विवेकाच्या आधारावर निर्धास्त जगतो तो सज्जन, शूर नव्हे. हे शब्द परंपरेने आपल्यापर्यंत आले आहेत आणि सांगताना त्यांना थोडी झिलई चढली असणं शक्य आहे. पण त्या प्रसंगातला कणा शब्दांत नाही, कृतीत आहे: ज्या पदाचा राजीनामा वार्गास यांनी एप्रिलमध्ये आपणहून पुढे केला होता, तोच राजीनामा बंदुकीच्या धाकाने मागितल्यावर त्यांनी दिला नाही. त्यांच्या दृष्टीने पद आता स्वतःचं राहिलेलं नव्हतं. ते मतं देणाऱ्यांचं होतं, आणि ते कारुहोच्या हातात ठेवण्याचा अधिकार त्यांना नव्हता.

शिवाय पहाऱ्यात असतानाच त्यांनी एक काम उरकलं, ज्याने पुढचं सगळं ठरलं. घटनेत अंतर्गत बंडाळीच्या वेळी सल्लागार परिषदेच्या संमतीने विशेष अधिकार वापरण्याची सोय होती. त्या आधारावर त्यांनी पाएस यांना फौजेचा प्रमुख नेमलं. मग त्यांना आणि उपराष्ट्राध्यक्ष नार्वार्ते यांना ला ग्वायराहून जहाजाने सेंट थॉमस बेटावर पाठवण्यात आलं. बंडखोरांनी मारिन्यो यांना प्रमुख केलं.

आता सगळ्यांचे डोळे यानोसमधल्या पाएस यांच्या गुरांच्या वाड्याकडे, सान पाब्लोकडे लागले. बंडखोरांनाही ते हवे होते. त्यांना वाटत होतं की जुना सवंगडी आपल्याच बाजूला येईल, आणि तसं वाटायला जागा होती. वार्गास हे काही पाएस यांचे उमेदवार नव्हते. बंडखोरांत युद्धातले सोबती होते. नुसतं घरी बसून राहिले असते तरी देश आपोआप त्यांच्या ओटीत पडला असता.

पाएस वार्गास यांच्या नेमणूकपत्राच्या बाजूने उभे राहिले. थोडी माणसं घेऊन निघाले, वाटेत लोक मिळत गेले, समोर आलेल्या तुकड्यांतले काही त्यांचं नाव ऐकूनच त्यांना येऊन मिळाले. २८ जुलैला ते काराकासमध्ये होते. बंडखोर आधीच शहर सोडून गेले होते. बेटावरून वार्गास यांना परत आणलं गेलं आणि २० ऑगस्टला त्यांनी पुन्हा कारभार हाती घेतला. पूर्वेकडे आणि पुएर्तो काबेयोच्या किल्ल्यात लढाई चालू राहिली. वर्षअखेरीस एका चकमकीत कारुहो जखमी झाला आणि काही आठवड्यांनी मेला. पुएर्तो काबेयो पडलं १ मार्च १८३६ ला.

इथपर्यंत वाचून बहुतेकांना वाटतं की घटना जिंकली. पाठ्यपुस्तकंही तसंच शिकवतात. जरा नीट पाहू. बंड मोडलं कुणी? राष्ट्राध्यक्षाच्या हुकमतीतल्या फौजेने नाही. ती तर बंडातच होती. ते मोडलं एका माजी राष्ट्राध्यक्षाने, स्वतःच्या नावाच्या जोरावर, स्वतःच्या माणसांनिशी. वार्गास यांच्याकडे होता अधिकार, पाएस यांच्याकडे ताकद. दोघं एका दिशेने चालले तोवर ठीक. पण दिशा ठरवणार होते पाएस.

याचा प्रत्यय नोव्हेंबर १८३५ मध्येच आला. पूर्वेकडे जनरल होसे तादेओ मोनागास बंडात होते. १८३१ मध्येही त्यांनी बंड केलं होतं आणि तेव्हा पाएस यांनी त्यांच्याशी तडजोड केली होती. आता पिरिताल इथे पाएस यांनी पुन्हा तेच केलं: हत्यारं खाली ठेवा, तुमचे जीव, मालमत्ता आणि लष्करी पदं शाबूत राहतील. काराकासमध्ये, विशेषतः संसदेत, संतापाची लाट उसळली. निवडून दिलेल्या राष्ट्राध्यक्षाला हाकलणाऱ्यांची पदंही शाबूत ठेवायची तर मग बंडाची किंमत काय? दुसरीकडे पाएस यांचंही म्हणणं होतं: मैदानात मी आहे, पूर्वेत लढाई लांबली तर तुमच्याकडे ती लढायला माणसं नाहीत.

दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या होत्या, आणि यात राष्ट्राध्यक्ष कुठे होते? मध्ये. सूड मागणाऱ्या संसदेच्या आणि माफी देऊन मोकळ्या झालेल्या सेनापतीच्या मध्ये. कायद्याप्रमाणे हा निर्णय सरकारचा होता. प्रत्यक्षात तो रणांगणावर होऊन गेला होता, आणि तो फिरवायचा तर ज्याने आपल्याला परत आणलं त्याच्याशीच उभा दावा मांडावा लागला असता. १८३६ मध्ये संसदेने पाएस यांना "सिउदादानो एस्क्लारेसिदो", म्हणजे अतिथोर नागरिक, असा किताब दिला. वार्गास यांनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये पुन्हा राजीनामा दिला, आणि या वेळी, २४ एप्रिलला, तो स्वीकारला गेला. चार वर्षांसाठी निवडलेल्या माणसाने सगळं मिळून सव्वा वर्षही पुरं केलं नाही.

त्यांनी सोडायला नको होतं असं काही अभ्यासक म्हणतात. त्यामागची तळमळ मला समजते, कारण ते टिकले असते तर पुढच्या प्रत्येक नागरी उमेदवाराला एक उदाहरण मिळालं असतं. पण टिकायचं कशाच्या बळावर? वार्गास यांनी १८३५ च्या फेब्रुवारीतच सांगितलं होतं की या पदाला लागणारं वजन माझ्याकडे नाही. जुलैने ते सिद्ध केलं आणि पिरितालने त्यावर सही केली. पद सोडल्यावर त्यांनी जे हाती घेतलं ते वर्षानुवर्षं निभावलं: सार्वजनिक शिक्षणाच्या संचालनालयाची धुरा, विद्यापीठातलं अध्यापन. १८४२ मध्ये बोलिवार यांचे अवशेष सांता मार्ताहून मायदेशी आणणाऱ्या समितीचं नेतृत्वही त्यांनी केलं. आज त्यांच्या जन्मदिवशी, १० मार्चला, व्हेनेझुएलात डॉक्टर दिन पाळतात.

या निवडणुकीचं फळ काय, याचं उत्तर देताना मी पुढची दहा-बारा वर्षं हिशेबात घेतो. नार्वार्ते आणि मग सुब्लेत यांनी वार्गास यांची उरलेली मुदत घटनेच्या चौकटीत पुरी केली. १८३९ मध्ये पाएस पुन्हा निवडून आले, १८४३ मध्ये मुदत संपताच पायउतार झाले आणि सुब्लेत राष्ट्राध्यक्ष झाले. म्हणजे १८३५ नंतरही निवडणुका वेळेवर झाल्या आणि सत्ता ठरलेल्या दिवशी बदलली. वार्गास यांचा बळी जाऊनही ही सवय तुटली नाही, उलट बंड फसल्यामुळे काही काळ पक्की झाली. पण १८४३ पर्यंतच्या या यादीत पाएस यांच्या विरोधातला एकही माणूस नाही, हेही त्याच दमात सांगितलं पाहिजे.

१८४७ मध्ये पाएस यांच्याच पाठिंब्याने राष्ट्राध्यक्ष झाले होसे तादेओ मोनागास, पिरितालला माफी मिळालेले तेच. ते पाएस यांच्या मुठीत राहिले नाहीत. २४ जानेवारी १८४८ ला काराकासमध्ये त्यांच्या समर्थकांचा जमाव संसदेवर चालून गेला आणि काही लोकप्रतिनिधी मारले गेले. पाएस पुन्हा घोड्यावर बसले. तेरा वर्षांपूर्वी त्यांच्या हातात निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाचं नेमणूकपत्र होतं. आता निवडून आलेला राष्ट्राध्यक्षच समोर होता आणि सरकारी फौज त्याची होती. मार्चमध्ये लोस आराग्वातोस इथे ते हरले, तेही एकेकाळी त्यांच्याच हाताखाली लढलेल्या होसे कोर्नेलियो मुन्योस यांच्याकडून. नंतर कैद झाली, मग परदेशवास. मोनागास आणि त्यांचे भाऊ यांनी आळीपाळीने अकरा वर्षं राज्य केलं. १८५८ मध्ये त्यांना उठावाने खाली खेचून जो राष्ट्राध्यक्ष झाला, तो हुलियान कास्त्रो, १८३५ च्या जुलैत वार्गास यांच्या दाराशी पहाऱ्यावर असलेला.